तुमचा आवडता गेम कोणता, आणि शेवटचा कधी खेळलात?

मागच्या रविवारी आम्ही चौघं नाशिकच्या गंगापूर रोडच्या पुढे एका मळ्यात मिसळ खायला गेलो होतो, शाळेपासूनचे मित्र, आता सगळे चाळिशीला टेकलेले. दुसरा पाव संपायच्या आत वाद सुरू झाला, की आजवरचा सगळ्यात भारी व्हिडिओ गेम कोणता. एक म्हणे काँट्रा, दुसरा काउंटर स्ट्राइक, तिसरा जीटीए व्हाइस सिटी, आणि मी मारिओ. आवाज इतके चढले की बाजूच्या टेबलावरच्या काकू वळून बघायला लागल्या, की ही माणसं नक्की प्लॉटवरून भांडताहेत का काय. मग काउंटर स्ट्राइकवाला, जो बँकेत आहे आणि असे वाकडे प्रश्न त्यालाच सुचतात, तो म्हणाला की बरं, आपापला गेम शेवटचा कधी खेळलात ते सांगा.

सगळे गप्प. दहा वर्षांत एकानेही हात लावलेला नव्हता.

पुढचं अजून वाईट. सगळ्यांनी फोनमधला स्क्रीन टाइम उघडला. काँट्रावाला रोज लुडो खेळतो. व्हाइस सिटीवाला बुद्धिबळ. बँकवाला कँडी क्रशच्या चार हजार कितव्यातरी लेव्हलवर आहे आणि हे त्याच्या बायकोला पण माहीत नाही. माझ्याकडे सुडोकू निघालं. म्हणजे ज्याच्यासाठी भांडतो तो गेम वेगळा आणि ज्याला रोजची वीस मिनिटं देतो तो वेगळा, आणि दोघांनाही आपण 'आवडता' हाच शब्द लावतो. घोळ तिथेच आहे. आठवणीतला आवडता आणि हातातला आवडता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या कारणांनी ठरतात. आधी हातातल्याचं बघू, कारण तो दर पाच-सात वर्षांनी बदलतो आणि आपल्याला वाटतं की आपण म्हातारे झालो किंवा गेमवाले बिघडले.

माझं म्हणणं वेगळं आहे. हातातला आवडता गेम बघितला की त्या वयात तुमच्याकडे कशाची टंचाई होती ते कळतं.

माझ्याकडे पहिली टंचाई गेमचीच होती. १९९५-९६ च्या सुमारास आमच्या सिडकोतल्या घरात व्हिडिओ गेम आला तो मेनरोडवरनं, डब्यावर नाव काहीतरी भलतंच, पण आतून तो निन्तेंदो ह्या जपानी कंपनीने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होता. आपल्याकडच्या बहुतेक पोरांनी ह्या नकलाच खेळल्या, ओरिजिनल कुणी डोळ्यांनी पाहिला पण नव्हता. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट, आणि अ‍ॅडॉप्टर जो अर्ध्या तासात इस्त्रीसारखा तापायचा. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची, हे कुणी शिकवलं देव जाणे पण सिडकोपासून पंचवटीपर्यंत सगळी पोरं हेच करायची. वर छापलेलं असायचं की आत लाखो गेम आहेत, प्रत्यक्षात पाच-सहाच, बाकी तेच फिरवून फिरवून.

आणि त्यात मारिओ. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा, पूर्ण गेम साधारण ४० केबीचा, म्हणजे काकांनी सकाळी ग्रुपवर टाकलेला सुप्रभातचा फोटो पण त्याच्यापेक्षा मोठा असतो. तेवढ्यात ८ वर्ल्ड आणि ३२ लेव्हल बसवलेत. जागा वाचवायला आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच चित्राची केलीत, वर पांढरा रंग आणि खाली हिरवा. मला हे पस्तिशीत कळलं आणि आपण लहानपणी नक्की काय बघत होतो असं वाटायला लागलं.

पहिल्याच लेव्हलची पहिली पंधरा सेकंद नीट बघा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे सगळी मोकळी जागा, म्हणजे तिकडेच जायचं हे न सांगता कळतं. समोरून तो तपकिरी, भुवया चढवलेला प्राणी चालत येतो. उडी नाही मारली तर मेलात, पण गेम आत्ताच सुरू झालाय त्यामुळे गेलं काही नाही. जरा पुढे प्रश्नचिन्हाच्या विटेला डोकं आपटलं की मशरूम निघतो, उजवीकडे घसरत जातो, नळीला धडकतो आणि उलटा तुमच्याकडेच येतो. हा पण दुश्मनच म्हणून पळायला बघाल तर तेवढ्यात तो अंगावर येतो आणि तुम्ही मोठे होता. एक अक्षर न लिहिता चालायचं कसं, मरायचं कसं, मोठं व्हायचं कसं हे सगळं शिकवून झालं. हा गेम बनवणारा निन्तेंदोचा मियामोतो आणि त्याची टीम, त्यांनी हे मुद्दाम रचलंय.

असा गेम खेळताना जे भान हरपतं त्याला मानसशास्त्रात एक नाव आहे. मिहाय चिकसेंटमिहाय नावाचे हंगेरियन वंशाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७० च्या दशकात 'फ्लो' ही कल्पना मांडली. फ्लो म्हणजे आपण जिला तंद्री लागणं म्हणतो तीच. काम तुमच्या कुवतीपेक्षा फार सोपं असलं तर कंटाळा येतो, फार अवघड असलं तर टेन्शन येतं, आणि मधला जो अरुंद पट्टा आहे, जिथे जमतंय पण जेमतेम जमतंय, तिथे तंद्री लागते. आता गंमत अशी की त्या पट्ट्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पहिले पन्नास वेळा तुम्ही नुसते खड्ड्यात पडता. आम्ही पडत राहिलो कारण दुसरी कॅसेट नव्हती! मारिओमध्ये गेम सेव्ह करायची सोय नव्हती, सातव्या वर्ल्डला लाइट गेली की परत पहिल्यापासून, आणि आपल्याकडे लाइट जायची त्याला मुहूर्त लागत नव्हता. त्यामुळे तेच तेच इतक्या वेळा झालं की बोटांना पाठ झालं. तेव्हाचं ते वेड गेमइतकंच त्या टंचाईने पण तयार केलं होतं. तेव्हा माझ्याकडे शंभर गेम असते तर मारिओ मी दुसऱ्या दिवशी सोडला असता, हे मी देवळात जाऊन सांगायला तयार आहे.

मग आली बारावी. २००३-०४, सिंहस्थाचं वर्ष. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, रात्री बाबा पेपर चाळता चाळता विचारणार की आज काय शिकवलं. ह्या काळात गेमची टंचाई संपली होती, कॉलेज रोडच्या एका गल्लीत तळमजल्यावर सायबर होता आणि तिथल्या कॉम्प्युटरवर सगळं होतं. आता टंचाई होती ती स्वतःच्या मर्जीने काही करायची. आणि नेमका त्याच काळात व्हाइस सिटी आला, जो २००२ मध्ये आधी प्लेस्टेशन टू वर आणि २००३ मध्ये कॉम्प्युटरवर आला. आमच्या ओळखीत एकाने पण त्यातली मिशन, म्हणजे गेमने नेमून दिलेली कामं, पूर्ण केली नाहीत. सगळ्यांच्या फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड, म्हणजे टाइप केले की गेममध्ये फुकटची मदत देणारे शब्द, लिहिलेले असायचे, पँझर टाइप केलं की आकाशातून रणगाडा पडायचा, मग तो घेऊन समुद्राकाठच्या रस्त्यावरून गाड्या चेपत जायचं, पोलिस मागे लागले की लीव्ह मी अलोन टाइप करायचं, ते पाठ सोडायचे. आता मागे वळून बघतो तर तो कोड आम्ही पोलिसांसाठी टाइप करत होतो का घरच्यांसाठी, शंका येते.

ह्यावर खरंच अभ्यास झालेला आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन ह्या दोघांची एक जुनी मांडणी आहे की माणसाला मनाने धडधाकट राहायला तीन गोष्टी लागतात, आपल्याला काहीतरी जमतंय ही भावना, आपण आपल्या मर्जीने करतोय ही भावना, आणि आपली कुणाशीतरी जवळीक आहे ही भावना. २००६ मध्ये रायन, रिग्बी आणि शिबिल्स्की ह्यांनी हीच फुटपट्टी व्हिडिओ गेमला लावून बघितली आणि निघालं असं की ज्या गेममधून ह्या गरजा भागतात तो लोकांना आवडतो आणि परत परत खेळावासा वाटतो. मी ह्याला माझ्या पदरची जोड देतो ती एवढीच, की तिन्ही गरजा कायमच असतात पण रोजच्या जगण्यात त्यातली कुठली उपाशी आहे ते वयाप्रमाणे बदलतं, आणि आपला हात आपोआप त्या गेमकडे जातो जो तीच भूक भागवतो. दहा वर्षांच्या पोराला घरात काहीच जमत नसतं, साधा गॅस पेटवू देत नाहीत, त्याला मारिओ जमतो. सतरा वर्षांच्याला मर्जी नसते, त्याला रणगाडा मिळतो.

त्याच सायबरमध्ये रात्री काउंटर स्ट्राइक हा बंदुकांचा गेम चालायचा, पाच विरुद्ध पाच, डस्ट टू नावाचा मॅप, त्यातल्या एका लांब वाटेला लाँग म्हणायचं, आणि पाठीला पाठ लावून बसलेली पोरं एकमेकांना ओरडून सांगताहेत की लाँगवर दोन आहेत लाँगवर दोन आहेत, आणि ते विरुद्ध टीमला पण ऐकू जातंय कारण खोली एकच. हे सगळं सुरू झालं १९९९ मध्ये, हाफ लाइफ नावाच्या दुसऱ्याच गेमवर दोन पोरांनी फुकट केलेला बदल म्हणून. तिथे भूक होती नाव कमवायची. कॉलेजात नंबर येत नव्हता, क्लासच्या टेस्टमध्ये तर विचारूच नका, पण सायबरमध्ये अमुक पोरगा हेडशॉट मारतो अशी ख्याती असायची. आमच्या बँकवाल्याची होती. आज तो लोनच्या फायली तपासतो आणि त्याच्या खालच्या कुणालाच हे माहीत नाही.

आता वयाची गोष्ट टाळता येत नाही. निक यी म्हणून एक संशोधक आहेत, त्यांच्या क्वांटिक फाउंड्रीने जगभरातल्या लाखो गेमरना विचारलंय की तुम्ही कशासाठी खेळता. त्यात दिसतं की वय वाढतं तशी सगळ्यात जास्त कमी होते ती स्पर्धेची हौस, दुसऱ्याला हरवायची खुमखुमी. आणि जवळपास तशीच टिकून राहते ती डोकं लढवायची आवड, डाव आखायचा, पुढच्या चार चाली बघायच्या. आमचा रणगाडावाला बुद्धिबळावर कसा आला ते मला हे वाचल्यावर कळलं.

हातांचा वेग पण आहेच. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये एक भारी प्रयोग छापला. त्यांनी स्टारक्राफ्ट टू ह्या गेमच्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या खेळाच्या नोंदी घेतल्या. त्यात कॉम्प्युटर प्रत्येक क्लिकची वेळ लिहून ठेवतो, त्यामुळे पडद्यावर नवीन काही दिसल्यापासून पहिली हालचाल करेपर्यंत किती वेळ जातो ते मोजता आलं. उत्तर आलं की उतरण २४ व्या वर्षापासूनच सुरू होते. चोवीस! म्हणजे ज्या वयात पोराला पहिली नोकरी लागते आणि आई स्थळं बघायला लागते, तेव्हाच बोटं रिटायर व्हायला निघालेली असतात. फरक सेकंदाच्या बारीकशा तुकड्याचा, पण एका गेममध्ये तो शेकडो वेळा होतो आणि साठत जातो. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की वय जास्त असलेले खेळाडू त्याच दर्जाला टिकून असतात, कारण ते सोप्या चाली आणि शॉर्टकट जास्त वापरतात. अंबडला कुठल्याही कंपनीत जाऊन बघा, जुना ऑपरेटर पळत नाही, कारण कुठलं मशीन कधी बोंबलणार ते त्याला आवाजावरून कळतं, आणि नवीन पोरगा दिवसभर धावत असतो.

मी स्वतः अंबड एमआयडीसीतच आहे, शिफ्टची नोकरी. तिशीनंतर पैसे आले, कॉम्प्युटर घेतला, आणि सेल लागला की गेम घ्यायची खोड लागली. घेतलेले साठेक असतील. पूर्ण खेळलेले तीन. विचर थ्री घेतला, जो २०१५ चा आहे आणि ज्याची नुसती मुख्य गोष्ट संपवायला पन्नासेक तास लागतात. दहा-बारा तास मस्त गेले. मग सेकंड शिफ्ट लागली, मग पोरीला ताप, मग लग्नसराई, आणि तीन आठवड्यांनी परत बसलो तर माझा माणूस एका दलदलीत घोड्यावर उभा, समोरून काहीतरी ओरडत येतंय आणि मला आठवेना की तलवार कुठल्या बटणावर आहे, मी इथे कशाला आलोय आणि कुणाची बायको शोधतोय. मेलो. परत उघडला नाही.

ही तिसरी टंचाई, वेळेची, आणि त्यातही सलग वेळेची. तसे दिवसाचे तुकडे जोडले तर तासभर निघतो, पण तो सात मिनिटं इथे आणि दहा मिनिटं तिथे असा चिल्लर असतो. मोठ्या गेमला अख्खी नोट लागते. कँडी क्रश २०१२ मध्ये आला आणि आमच्या बँकवाल्यासारख्या माणसांना चिकटला तो ह्याच कारणाने, एक लेव्हल दोन-तीन मिनिटांची, मधेच साहेबांनी हाक मारली तर फोन उलटा ठेवला की झालं, काही आठवून ठेवायला लागत नाही. जीव पाच, संपले की अर्ध्या तासाला एक भरतो. बाकी त्यात पैसे काढायची यंत्रणा पण चोख बसवलेली आहे हे खरं, रोज उघडा म्हणून लालूच आणि अडकलात की पैसे टाका म्हणून गळ, आणि 'गेमवाले बिघडले' म्हणणारे इथे अगदीच चूक नाहीत. पण तो गेम हलका आहे म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मला विचारायचंय की शटल रिक्षा आणि शिवनेरी ह्यांत भारी काय, असं कुणी विचारतं का? कुठे जायचंय आणि हातात किती वेळ आहे त्यावर आहे ते.

आणि जवळीक. ह्याचं उदाहरण आमच्याच घरात आहे. आई आयुष्यभर म्हणायची की ह्या डबड्याने पोरांचे डोळे जाणार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिची बहीण मालेगावला अडकली, आम्ही इथे. भाच्याने आईच्या फोनमध्ये लुडो किंग टाकून दिलं, जे २०१६ पासून होतं आणि नवी मुंबईच्या कंपनीचं आहे, पण खरं उसळलं ते त्या लॉकडाऊनमध्ये. मग रोज दुपारी चारला दोघी बहिणी, फोनवर स्पीकर लावून, सोंगटी मारली की मावशी तिकडून शिव्या घालणार, आई इकडे हसून हसून डोळे पुसणार. डाव कोण जिंकलं हे दोघींना रात्री आठवत पण नसायचं. लॉकडाऊन उठला, मावशीचं येणंजाणं सुरू झालं, आणि आईचं लुडो बंद. मी विचारलं का गं, तर म्हणे आता ती घरीच येते की.

टंचाई संपली, गेम सुटला. इतकं स्वच्छ उदाहरण मला कुठल्या अभ्यासात मिळालं नसतं.

आता राहिला आठवणीतला आवडता, तो ज्याच्यासाठी आम्ही मिसळ गार केली. तो का बदलत नाही? माणसाला म्हातारपणी आयुष्यातलं काय आठवतं हे तपासलं तर साधारण दहा ते तीस वर्षांच्या मधल्या आठवणींचा एक उंचवटा दिसतो, नंतरच्या कित्येक वर्षांपेक्षा जास्त दाट. गाण्यांचं पण तसंच होतं. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच होतात आणि आपण कोण आहोत हे पण तेव्हाच ठरत असतं, अशी कारणं दिली जातात. त्यामुळे मारिओ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ४० केबीचा प्रोग्रॅम नाही येत, उन्हाळ्याच्या सुट्टीत फरशीवर पालथे पडलेलो आम्ही, कूलरचा वाळ्याचा वास, बाहेर द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांचा टेम्पो जातोय, आणि चुलतभाऊ म्हणतोय तू मेलास की माझी पाळी, हे येतं. त्या मिसळीनंतर घरी येऊन मी मुद्दाम मारिओ फोनवर टाकून बघितला. अकरा मिनिटं. गेम तसाच आहे, एक पण ढग हललेला नाही. पण चुलतभाऊ पुण्याला आणि माझ्या फोनमध्ये अजून दोनशे गोष्टी.

ह्याला अपवाद पण आहेत, क्रिकेट ०७ बघा. २००६ मध्ये निघालेला तो गेम लोक अजून खेळतात, हौशी पोरं दरवर्षी त्यात नवीन खेळाडू, नवीन जर्सी, आयपीएलच्या टीम फुकट बसवून देतात. म्हणजे तिथे माणसाने गेम बदलला नाही, गेमलाच आपल्याबरोबर मोठा करत नेला.

माझा भाचा नाशिकरोडला राहतो, दहावीला आहे, आणि शनिवारी रात्री नऊला त्याची टीम बीजीएमआय खेळते, म्हणजे बंदुकांच्या पबजीचाच भारतातला अवतार. पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला तेव्हा तो जेवला नव्हता, २०२१ मध्ये बीजीएमआय म्हणून आला, २०२२ मध्ये परत गायब, मे २०२३ मध्ये परत आला, आणि आता चौथा गडी कमी पडला की मला बोलावतात. पहिल्या दिवशी मी खाली उतरलो आणि बंदूक उचलायच्या आत मेलो. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपसात काहीतरी ठरवलं आणि भाचा एकदम साहेबासारखा म्हणाला, "मामा, तू बंदुकीच्या नादाला लागूच नको. तू गाडी चालव, आणि झोन कुठे सरकतोय ते बघून सांगत जा."

झोन म्हणजे मॅपवरचा आकसत जाणारा सुरक्षित भाग, त्याच्या बाहेर राहिलात की मरता. आता माझ्याकडे तेच खातं आहे. वळण कुठे घ्यायचं, कुठल्या टेकडीआड गाडी लावायची, कधी थांबायचं, हे त्या पोरांना कळत नाही, ती नुसती आवाज आला की पळतात. ह्या शनिवारी माझी सेकंड शिफ्ट आहे, साडेअकराला सुटते. मी ग्रुपवर टाकलं की मला जमणार नाही. तर त्याचा मेसेज, "चालेल मामा, आम्ही साडेबाराला बसू. तुझ्याशिवाय गाडी कोण चालवणार?"

ताईला ह्यातलं काही सांगू नका.